मुलांच्या पोटातली गाठ आणि सुईची बायोप्सी: ‘लोखंड लागलं की पसरतं’ हे कितपत खरं?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी अडीच वर्षांची. आंघोळ घालताना पोट डाव्या बाजूला घट्ट लागलं म्हणून सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. डाव्या मूत्रपिंडाच्या वर, ॲड्रिनल ग्रंथीच्या जागी मोठी गाठ आहे, आत कॅल्शियमचे ठिपके आहेत आणि गाठीने महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, वेढा घातलाय. गावाजवळच्या सर्जननी ‘सरळ काढून टाकू’ म्हटलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलने आधी सोनोग्राफीत बघून सुईने बायोप्सी करायला, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा तपासायला काढायला, सांगितलं. घरातली वडील मंडळी म्हणतात, असल्या गाठीला लोखंड लागलं की ती पसरते. आईला विचारायचंय: सुई लावू द्यायची का? एवढ्याशा तुकड्यावरून खरंच कळतं का? भूल द्यावी लागेल का? आणि रिपोर्ट आलाच नाही तर?

ताई, फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, म्हणून तुमच्या मुलीला नेमकं काय झालंय ते इथून सांगणार नाही. पण तुम्ही केलेल्या वर्णनावरून पहिला संशय न्यूरोब्लास्टोमाचा, म्हणजे मज्जातंतूंच्या कोवळ्या पेशींतून निघणाऱ्या लहान मुलांच्या कॅन्सरचा, येतो आणि अशा गाठीबाबत माझं मत पक्कं आहे. बायोप्सी होऊ द्या, आणि जिथे पुढचा सगळा उपचार होणार आहे तिथेच होऊ द्या. लहान मुलांच्या गाठींतून सुईने नमुने घेणं हेच माझं रोजचं काम आहे. सुईमुळे झालेलं नुकसान मला क्वचित दिसतं. घाईत, भलत्या जागी, पुढचा विचार न करता लावलेल्या सुईमुळे झालेलं नुकसान मात्र नेहमी दिसतं. ते टळावं म्हणून हे लांबलचक उत्तर लिहितोय.

आधी लोखंडाबद्दल. ही समजूत मी अडाणीपणाची म्हणून झटकत नाही, कारण तिच्यामागे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी असतं. कुणाची तरी गाठ अर्धवट कापली गेली, तुकडा तपासायला गेलाच नाही किंवा रिपोर्ट आणायला कुणी परत गेलं नाही, आणि दोन महिन्यांत गाठ दुप्पट झाली. मुलांच्या गाठी मुळातच झपाट्याने वाढतात. बर्किट लिम्फोमासारखी (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची) गाठ तर काही दिवसांत डोळ्यांदेखत मोठी होते. ती चाकूमुळे वाढली असं वाटतं. खरं तर उपचाराविना राहिली म्हणून वाढली.

पण काही ठिकाणी सुई खरोखरच लावायची नसते, आणि ती ठिकाणं आम्हाला पाठ असावी लागतात. डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा हे त्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण. तिथे डोळ्यात सुई घातली तर डोळ्यात बंदिस्त असलेला आजार बाहेर पडू शकतो, म्हणून निदान भूल देऊन केलेल्या डोळ्याच्या तपासणीवर आणि एमआरआयवर होतं, बायोप्सी करत नाहीत. मुलाच्या अंडकोषातल्या गाठीला अंडपिशवीतून सुई लावत नाहीत. जांघेतून छेद घेऊन अंडकोषच काढतात. अंडाशयातली गाठ फुटू नये म्हणून तिलाही सहसा सुई लावत नाहीत. ॲड्रिनलच्या बाहेरच्या थरातून निघणारी गाठ मुलांत दुर्मिळ आहे, पण त्यात कोवळ्या वयात केस येणं, आवाज जाड होणं, चेहरा सुजल्यासारखा गोल होणं अशी हार्मोनची लक्षणं दिसतात. तशी शंका आली तर हार्मोन तपासून, शक्य असेल तर गाठ अखंड काढतात. तुमच्या मुलीत असं काही दिसतंय का हे डॉक्टरांनी नक्की पाहिलं असेल, तरी तुम्हीही विचारा.

मूत्रपिंडातल्या विल्म्स ट्यूमरची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तुमच्या घरातली भीती आणि वैद्यकातले नियम इथे अगदी जवळ येतात. अमेरिकेतल्या बालकर्करोगतज्ज्ञांच्या गटाच्या पद्धतीत एका बाजूची, काढण्याजोगी गाठ आधी शस्त्रक्रियेने काढतात. तिथे शस्त्रक्रियेआधी बायोप्सी झाली असेल, मग ती कशीही केलेली असो, तर आजार तिसऱ्या टप्प्याचा धरतात आणि उपचार वाढतो, पोटाला रेडिएशनही द्यावं लागतं. युरोपातून सुरू झालेल्या सिओप गटाची वाट वेगळी आहे. वय आणि स्कॅनचं चित्र विल्म्सशी नीट जुळत असेल तर बायोप्सी न करताच चार आठवडे किमो देऊन मग मूत्रपिंड काढतात. चित्र जुळत नसेल, म्हणजे मूल अगदी तान्हं असेल किंवा बरंच मोठं असेल, गाठीत कॅल्शियम फार असेल, पाठीच्या स्नायूत ती शिरलेली वाटत असेल, तर पाठीच्या बाजूने सुई घालून नमुना घेतात. त्या पद्धतीत अशा सुईने टप्पा वाढत नाही. पोट उघडून घेतलेल्या तुकड्याने मात्र वाढतो. दोन्ही गटांत बरी होणारी मुलं जवळपास सारखीच आहेत, दहापैकी नऊच्या आसपास. भारतात दोन्ही पद्धती चालतात. म्हणूनच बायोप्सी करणाऱ्याने उपचार करणाऱ्याला विचारल्याशिवाय विल्म्सच्या गाठीला हात लावू नये, हा आमच्या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा नियम.

उरलेल्या बहुतेक गाठींत, म्हणजे न्यूरोब्लास्टोमा, यकृताचा हिपॅटोब्लास्टोमा, लिम्फोमा, स्नायूंचा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, हाडांचे सार्कोमा, यांत सुईच्या वाटेवर आजार रुजणं फार विरळा. त्याची कारणंही साधी आहेत. आम्ही बाहेर एक पोकळ सुई ठेवतो आणि तिच्या आतून नमुन्याची सुई आत-बाहेर करतो, त्यामुळे गाठीतून आलेली सुई वाटेतल्या चांगल्या पेशींना पुन्हा पुन्हा घासत नाही. शिवाय रिपोर्ट आला की काही दिवसांतच किमो सुरू होते आणि ती त्या वाटेवरही पोचते. हाडांच्या गाठीत तर सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या छेदावरच ठेवतात, म्हणजे सर्जन गाठीबरोबर ती वाटही कापून काढतो. ही रेघ चुकली तर पाय वाचवण्याची शस्त्रक्रिया अवघड होते. अमेरिकन हाडशल्यतज्ज्ञ हेन्री मॅनकिन यांनी १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये हेच दाखवून दिलं होतं: बायोप्सी उपचाराच्या केंद्राबाहेर झाली की चुका आणि त्यांचे परिणाम कित्येक पटींनी वाढतात. इतकी वर्षं झाली तरी गुडघ्याजवळ आडवा छेद घेतलेली मुलं आजही आमच्याकडे येतात.

आता ‘सरळ काढून टाकू’ याबद्दल. महारोहिणीला वेढलेली गाठ पहिल्याच फटक्यात काढायला गेलं तर रक्तस्राव होतो, मूत्रपिंड गमावण्याची पाळी येते, आणि गाठ पूर्ण निघत नाही ती नाहीच. न्यूरोब्लास्टोमामध्ये अशा चित्राला इमेजिंगवरचे शस्त्रक्रियेचे धोके म्हणतात, आणि ते असतील तर आधी बायोप्सी, मग किमो, गाठ आक्रसल्यावर शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. न्यूरोब्लास्टोमा हे नाव एकच असलं तरी आजाराच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या आहेत की नुसत्या नावावर उपचार ठरत नाही. दीड वर्षाखालच्या काही बाळांत हा आजार आपोआप विरून जातो. जन्माच्या सुमारास दिसलेल्या ॲड्रिनलमधल्या छोट्या गाठी तर बायोप्सीसुद्धा न करता नुसत्या सोनोग्राफीवर नजरेखाली ठेवतात. उलट गाठीत एमवायसीएन नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील, आणि साधारण पाचात एका मुलात त्या असतात, तर आजार आक्रमक समजून किमो, शस्त्रक्रिया, स्टेम सेल प्रत्यारोपण, रेडिएशन असा लांब पल्ल्याचा उपचार लागतो. हा फरक स्कॅनवर दिसत नाही. त्यासाठी गाठीचा जिवंत तुकडा हवा.

तुकडा का हवा याचं दुसरं कारण पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर आहे. मुलांच्या कितीतरी गाठी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसतात: लहान, गोल, निळ्या पेशींचे थवे. न्यूरोब्लास्टोमा, ईविंग सार्कोमा, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, लिम्फोमा, कधीकधी विल्म्ससुद्धा. प्रत्येकाची औषधं वेगळी. त्यांना वेगळं ओळखायला आयएचसीचे, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं दाखवणारे, रंग एकामागून एक लावावे लागतात आणि जनुकांच्या तपासण्या कराव्या लागतात. प्रत्येक रंगाला त्या तुकड्याचा एक पातळ काप खर्ची पडतो. म्हणून मुलांच्या गाठीत मी एक-दोन तुकड्यांवर कधीच थांबत नाही. न्यूरोब्लास्टोमात, गाठ सुरक्षित ठिकाणी असेल तर, दहा किंवा त्याहून जास्त तुकडेही घेतो. आईबाप दचकतात, पण बाहेरची सुई एकदाच आत जाते आणि तिच्यातूनच वेगवेगळ्या कोनात सगळे नमुने निघतात. कातडीवर भोक एकच.

इथेच एफएनएसीबद्दल सांगून टाकतो. बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरण्याची ती तपासणी स्वस्त आणि झटपट आहे, आणि गाठ परत आली का किंवा गळ्यातली गाठ टीबीची वाटते का अशा वेळी उपयोगीही पडते. पण पोटातल्या गाठीचं पहिलं निदान, ज्याच्यावर वर्षभराचा उपचार उभा राहणार आहे, ते नुसत्या एफएनएसीवर ठरवणं मला मान्य नाही. तिथे ट्रूकट, म्हणजे सलग तुकडा देणारी सुई हवी. उलट बाजूनेही एक गोष्ट: गळ्यात किंवा काखेत हाताला लागणारी मोठी गाठ असेल आणि हॉजकिन लिम्फोमाची शंका असेल, तर सुईपेक्षा सर्जनने ती एक गाठ अख्खी काढून दिलेली बरी. हॉजकिनच्या खऱ्या रोगपेशी इतक्या विरळ असतात की तुकड्यात त्या येतीलच असं नाही. हे मी सुईवाला असून सांगतोय.

सुईआधी काही सोप्या तपासण्या होऊन गेलेल्या असल्या पाहिजेत. कधीकधी त्यांच्यावरच निदान होतं आणि सुईची गरजच उरत नाही. रक्ताचा स्मिअर आणि सीबीसी: रक्ताचा कॅन्सर पोटात गाठी घेऊन आलेला असू शकतो. रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन आणि बीटा एचसीजी: यकृताच्या गाठीत आणि जर्म सेल (बीजपेशींच्या) गाठींत हे आकडे प्रचंड वाढतात. (तान्ह्या बाळात अल्फा फीटोप्रोटीन मुळातच खूप असतं आणि महिन्यागणिक उतरतं, हे लक्षात ठेवून आकडा वाचावा लागतो.) तुमच्या मुलीसाठी महत्त्वाची आहे ती लघवीतल्या व्हीएमए आणि एचव्हीए या रसायनांची तपासणी, न्यूरोब्लास्टोमात बहुतेक मुलांत ती वाढलेली सापडते. बोन मॅरोही तपासतात, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडातून, आणि बायोप्सीच्याच भुलीत ते उरकून घेता येतं, म्हणजे पोरीला दोनदा झोपवावं लागत नाही. ही विनंती तुम्ही आधीच करून ठेवा. आणि रक्तदाब. ॲड्रिनलजवळच्या गाठीला सुई लावण्याआधी मुलाचा रक्तदाब मोजलेला नसेल तर मी केस घेत नाही. गाठ ॲड्रिनलिनसारखी रसायनं सोडणारी असेल आणि तयारी नसेल, तर सुई लागताच रक्तदाब धोकादायक उसळू शकतो. यकृतातल्या पाण्याच्या गाठीबाबत आणखी एक: मेंढ्या-कुत्र्यांच्या सहवासातल्या वस्त्यांत हायडॅटिडच्या (फीतकृमीमुळे होणाऱ्या) गाठी सापडतात, आणि तशा गाठीला ट्यूमर समजून सुई टोचली तर तीव्र ॲलर्जीचा झटका येऊ शकतो. सोनोग्राफी नीट केली की ती सहसा ओळखू येते.

वाट कशी ठरते ते सांगतो, कारण आमच्या कामाचा बराच भाग सुई हातात घेण्याआधीच संपलेला असतो. शक्य तिथे सोनोग्राफीच. तिच्यात रेडिएशन नाही, सुईचं टोक क्षणाक्षणाला दिसतं, आणि मुलं बारीक असल्याने पोटातलं खोलवरचंसुद्धा छान दिसतं. सीटी मी फुप्फुसातल्या आणि हाडातल्या गाठींसाठी राखून ठेवतो, तोही कमीत कमी डोसवर. डॉपलर लावून गाठीचा रक्तप्रवाह असलेला, जिवंत भाग शोधायचा. मोठ्या गाठीचा मधला भाग पुष्कळदा कुजलेला असतो. तिथून दहा तुकडे घेतले तरी पॅथॉलॉजिस्टला हाती काही लागत नाही. यकृतातल्या गाठीला थेट पृष्ठभागावरून सुई लावायची नाही, थोड्या चांगल्या यकृतातून जायचं, म्हणजे रक्त आलं तरी ते यकृतच दाबून धरतं. न्यूरोब्लास्टोमा आणि मूत्रपिंडाच्या गाठींसाठी शक्यतो पाठीच्या किंवा कुशीच्या बाजूने जायचं, म्हणजे पोटाची पोकळी आणि आतडी वाटेत येत नाहीत. रक्त गोठण्याच्या तपासण्या आधी होतात. पोटातल्या अवयवासाठी प्लेटलेट साधारण ५०,००० च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) दीडच्या आसपास किंवा खाली असावा. कमी असतील तर प्लेटलेट चढवून मग सुरू करायचं. ताप-दुखण्यासाठी आधीच्या दिवसांत आयबुप्रोफेन देऊ नका; पॅरासिटामॉल चालतं.

भूल लागेल. अडीच वर्षांचं मूल सुई घेऊन स्थिर पडून राहत नाही, आणि महारोहिणीच्या शेजारी सुई असताना ते हललेलं परवडत नाही. उपाशी ठेवायचे नियम साधे आहेत: जेवण किंवा वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं सरसकट कुणी सांगितलं तर पुन्हा विचारा. दुपारची केस असेल तर लेकरू विनाकारण तहानेने रडत बसतं.

मुलगी झोपली की जागा निर्जंतुक करायची, वर स्थानिक भूल टोचायची, आणि कातडीला दोन-तीन मिलिमीटरची चीर द्यायची. टाका लागत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पांढऱ्या रेघेसारखी दिसते. मी मुलांत बहुधा १६ किंवा १८ गेजची सुई वापरतो. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडी, १६ त्याहून थोडी जाड. सुई एका स्प्रिंगच्या गनमध्ये बसवलेली असते. बटण दाबलं की खट् आवाज होतो आणि आतली सुई पुढे उडी घेते, गनच्या सेटिंगप्रमाणे साधारण एक किंवा दोन सेंटिमीटर. म्हणून बटण दाबण्याआधी टोकाच्या पुढे तेवढी मोकळी जागा आहे ना, त्या जागेत रक्तवाहिनी नाही ना, हे दर वेळी पुन्हा बघायचं. पाचव्या तुकड्यालाही बघायचं आणि नवव्यालाही. सुई बाहेर काढली की तिच्या खाचेत शेवईच्या तुकड्याएवढा नमुना पडलेला असतो.

पुढचा अर्धा तास मला सुईच्या अर्ध्या तासाइतकाच मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे बायोप्सी वाया जाते ती बहुतेक इथेच. तुकडा कोरड्या गॉजवर ठेवला तर पाच मिनिटांत वाळतो आणि पेशी चिरडल्यासारख्या दिसायला लागतात. तो हलक्या हाताने, चिमटा न लावता, ओल्या ठिकाणी उतरवायचा. सगळे तुकडे एकाच फॉर्मालिनच्या डबीत टाकले तर सूक्ष्मदर्शकाची तपासणी होईल, आयएचसीही होईल, पण लिम्फोमासाठी लागणारी फ्लो सायटोमेट्री (जिवंत पेशींचा प्रकार ओळखण्याची तपासणी) होणार नाही, कारण फॉर्मालिनमध्ये पेशी मरतात. म्हणून आधीच वाटणी ठरलेली असावी: बरेचसे तुकडे १० टक्के फॉर्मालिनमध्ये, एक-दोन ताजे सलाइनमध्ये किंवा खास द्रावात, आणि केंद्रात सोय असेल तर एखादा उणे ८० अंशांवर गोठवून जनुकीय तपासण्यांसाठी. जिथे पॅथॉलॉजिस्ट खोलीत येऊ शकतात तिथे मी एक तुकडा काचेवर हलकेच टेकवून त्याचा ठसा लगेच बघायला देतो. ‘जिवंत पेशी आहेत, पुरे’ असं त्यांच्या तोंडून आलं की मगच सुई काढतो. तुमच्या मुलीच्या अर्जावर वय, लघवीचे आकडे, स्कॅनमध्ये काय दिसलं आणि कशाची शंका आहे हे लिहिलेलं असावं. ‘पोटातली गाठ, बायोप्सी’ एवढ्याच तीन शब्दांवर पॅथॉलॉजिस्टने काय ओळखावं?

तुमच्या प्रश्नात नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मुलासाठी छातीतल्या गाठीबद्दल लिहिणं भाग आहे. मुलाला आडवं झोपता येत नाही, रात्री उशांना टेकून बसून झोपतं, चेहरा सुजलाय, गळ्याच्या शिरा फुगल्यात, खोकला हटत नाही: अशा मुलाच्या छातीत श्वासनळीपुढे मोठी गाठ असू शकते, आणि त्याला उताणं झोपवून पूर्ण भूल देणं जिवावर बेतू शकतं. स्नायू सैलावले की गाठ श्वासनळीवर बसते. तिथे आधी विचारायचं की यापेक्षा सोपी जागा आहे का: छातीत पाणी झालंय का, गळ्यात गाठ आहे का, रक्तातच पेशी दिसताहेत का. पाणी काढून त्यातल्या पेशींवरही निदान होतं. काहीच नसेल तर मूल अर्धवट बसलेलं ठेवून, स्वतः श्वास घेत असताना, स्थानिक भुलीवर सुई लावतात. आई शेजारी उभी राहून हात धरते आणि ते लेकरू आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप शांत राहतं.

याच मुलांच्या बाबतीत एक कळकळीची विनंती डॉक्टर मित्रांनाही आहे. दमा समजून किंवा सूज कमी व्हावी म्हणून स्टेरॉइड सुरू करण्याआधी छातीचा एक एक्स-रे काढा. लिम्फोमा आणि ल्युकेमिया स्टेरॉइडने चुटकीसरशी विरघळतात, गाठ लहान होते, घरचे खूश होतात, आणि मग आमच्या सुईला मेलेल्या पेशींशिवाय काही सापडत नाही. आजार महिन्याभरात परत येतो, तोही औषधाला सरावलेला. तसंच गळ्यातल्या गाठींना अंदाजाने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करण्याचं. टीबी आपल्याकडे भरपूर आहे, त्यामुळे तो मनात आधी येणारच. पण नमुना न घेता टीबीचं औषध सुरू केलं आणि मूल दोन महिन्यांनी लिम्फोमाचं निघालं, असं अजूनही घडतं. टीबीची खात्रीसुद्धा त्याच तुकड्यातून, जीन एक्स्पर्ट (टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी चाचणी) आणि कल्चर करून होते. म्हणजे सुई दोन्ही बाजूंनी उपयोगाचीच.

बायोप्सीनंतर मुलगी काही तास झोपून राहील. नर्स नाडी, रक्तदाब, पोट बघत राहतील. गरज वाटली तर हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी पुन्हा होईल. थोडं दुखतं, पॅरासिटामॉलने भागतं. मोठा धोका रक्तस्रावाचा, आणि तो झालाच तर बहुधा पहिल्या काही तासांतच कळतो. रक्त चढवावं लागेल किंवा काही हस्तक्षेप करावा लागेल इतका तो होणं विरळा आहे. घरी किंवा धर्मशाळेत गेल्यावर मुलगी फिकी पडली, घाम सुटला, पोट फुगून टणक झालं, खूप मलूल झाली, किंवा ताप आला, तर सकाळची वाट न बघता परत यायचं. आंघोळ दुसऱ्या दिवशी घालायला हरकत नाही.

‘तुकड्यावरून कळतं का’ याचं उत्तर: नीट केलेल्या सुईच्या बायोप्सीत मुलांच्या गाठींचं निदान दहापैकी नऊ वेळा किंवा त्याहून जास्त वेळा होतं. उरलेल्या वेळी ‘नमुना अपुरा’ किंवा ‘मृत पेशी’ असा रिपोर्ट येतो. त्याचा अर्थ कॅन्सर नाही असा बिलकूल घेऊ नका, आणि कुणी चुकलंच असाही घेऊ नका. स्कॅन पुन्हा पाहून दुसऱ्या भागातून पुन्हा सुई लावायची, किंवा सर्जनने छोट्या छेदातून वा दुर्बिणीने तुकडा घ्यायचा. स्कॅन एक सांगतोय आणि रिपोर्ट दुसरंच, असं झालं तर रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, सर्जन आणि किमो देणारे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. मोठ्या केंद्रांत याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ‘आमची केस बोर्डात गेली का?’ हे तुम्ही विचारू शकता. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

पहिला रिपोर्ट, म्हणजे गाठ कोणत्या प्रकारची, साधारण आठवडाभरात येतो. एमवायसीएनसारख्या तपासण्यांना आणखी काही दिवस लागतात. मूल जास्त आजारी असेल तर डॉक्टर त्या उरलेल्या रिपोर्टची वाट न पाहता किमो सुरू करतात. म्हणून मधल्या काळात गावी परतू नका. मुंबईत राहायची अडचण असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा. उपचारासाठी बाहेरगावहून आलेल्या मुलांच्या कुटुंबांना राहायला जागा देणारी सेंट ज्यूड इंडियासारखी केंद्रं आहेत, आणि खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं तिथेच भरून घेतात. रेशनकार्ड, आधार आणि मुलीचा जन्मदाखला आत्ताच पिशवीत ठेवा.

आणि पॅराफिन ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्यालाच ब्लॉक म्हणतात. पुढे दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये मत घ्यायचं झालं, नवी तपासणी करायची झाली, तर नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही; ब्लॉक आणि स्लाइड लागतात. त्या मिळवायचा तुम्हाला हक्क आहे, लॅब सही घेऊन देते. त्या गरम गाडीत किंवा उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. ब्लॉक नसल्यामुळे त्याच मुलाला दुसऱ्यांदा भूल देऊन दुसऱ्यांदा सुई लावायची वेळ आमच्यावर येते, आणि तेवढ्यात गेलेले आठ-पंधरा दिवस न्यूरोब्लास्टोमाच्या मुलाला परवडणारे नसतात. तुमच्या बाबतीत सगळं एकाच ठिकाणी होणार असेल तर ही वेळ येणारच नाही. गावाजवळच्या सर्जनना फोन करून तसं सांगा, त्यांनी काढलेली सीटीची सीडी मागून घ्या, आणि मुंबईची तारीख पुढे ढकलू नका.